बॉनेटचा कैवारी

अमेरिकेच्या उपनगरांतील गृहस्थांचे जे नानाविध पोटभेद आढळतात, त्यांत एक-दीड एकर हिरवळीचा मालक, ती कापण्यासाठी घेतलेल्या छोट्या ट्रॅक्टरचा स्वार आणि त्या ट्रॅक्टरच्या प्लास्टिकच्या बॉनेटचा तहहयात कैवारी या तिन्ही भूमिका एकाच देहाने वठवणारा पुरुष विशेष अभ्यासास पात्र ठरतो. ओहायो, इंडियाना, विस्कॉन्सिन अशा मध्य-पश्चिमेकडील राज्यांत त्याची वस्ती दाट असली, तरी ढकलत्या यंत्राने कापून संपणार नाही एवढे गवत जेथे जेथे आहे, तेथे तेथे तो उगवतोच. साठीच्या आसपासचे वय, झालेली किंवा दृष्टिपथात आलेली निवृत्ती, आणि मोटार बाहेर उन्हात उभी करून गॅरेजमध्ये निवाऱ्याला ठेवलेला ट्रॅक्टर, ही त्याची बाह्य लक्षणे होत.

त्याच्या वाहनाचे शास्त्रानुसार दोन प्रकार पडतात. हलक्या सांगाड्याचा आणि पोटाखालच्या फिरत्या पात्यांनी गवत कापण्यापुरताच बनवलेला तो ‘लॉन ट्रॅक्टर’. जाड सांगाडा, मोठी मागची चाके आणि दणकट गिअरपेटी यांच्या बळावर लहानसा नांगर किंवा बर्फ हटवण्याचे अवजार चालवू शकणारा तो ‘गार्डन ट्रॅक्टर’. कैवाऱ्याच्या दारी बहुधा पहिला प्रकार असतो, पण तो त्याचा उल्लेख दुसऱ्या नावाने करतो आणि तो दावा सिद्ध व्हावा म्हणून टोमॅटोच्या चार रोपांसाठी नांगराची चौकशीही करून ठेवतो. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ साली कब कॅडेट आणि जॉन डियरने १९६३ साली ११० हा नमुना बाजारात आणला, तो काळ त्याच्या लेखी सत्ययुग होय. त्या पिढीतल्या यंत्रांवर हातोडीने सरळ करता येईल असे पत्र्याचे बॉनेट सर्रास असे, आणि नंतरच्या कंपन्यांनी तेथे प्लास्टिक आणून मनुष्यजातीचा अधःपात घडवला, असे त्याचे ठाम मत असते. प्लास्टिक गंजत नाही, खडखडत नाही, वजनाला हलके असते आणि साच्यातून हवा तो आकार घेते, हे त्याला ठाऊक असते. त्याने त्याच्या मतात फरक पडत नाही.

या प्लास्टिकचा खरा वैरी म्हणजे इंजिनाची उष्णता; ती कोठून येते, हे येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. अशा ट्रॅक्टरचे इंजिन बहुधा हवेने थंड होणारे असते, म्हणजे त्याला मोटारीसारखा पाण्याचा रेडिएटर नसतो. इंजिनावरच्या जड चक्राला, म्हणजे फ्लायव्हीलला, जोडलेला पंखा फिरत्या जाळीतून हवा ओढतो आणि पत्र्याचे एक आवरण ती हवा सिलिंडरभोवतीच्या पातळ पंखांवरून, ज्यांना फिन्स म्हणतात, वळवून बाहेर काढते. पेट्रोलमधील ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो. उरलेली सारी उष्णतेच्या रूपाने या फिन्सवाटे आणि सायलेन्सरवाटे निघून जाते, आणि हा सायलेन्सर पुष्कळ नमुन्यांत अगदी पुढे, बॉनेटच्या नाकाखालीच बसवलेला असतो. बॉनेटसाठी वापरले जाणारे एबीएस नावाचे प्लास्टिक साधारण १०५ अंश सेल्सिअसला ताठा सोडते आणि पॉलिप्रोपिलीन १६० अंशांच्या सुमारास वितळते, पण भार असेल तर त्याच्या बरेच आधी वाकते. तापलेल्या सायलेन्सरचा पत्रा मात्र कित्येकशे अंशांवर असतो. या दोघांना शेजारी शेजारी नांदवायचे, तर मध्ये उष्णतारोधक पत्रा, हवा खेळायला जागा आणि बाहेर पडलेली गरम हवा पुन्हा पंख्याच्या तोंडी जाऊ न देणारा पडदा, एवढी मध्यस्थी लागते, आणि कारखान्यातून निघताना ती व्यवस्था तेथे असते.

ही व्यवस्था बिघडली की बॉनेटला जडणाऱ्या व्याधीचा क्रम ठरलेला आहे. सायलेन्सरच्या बरोबर वर, तळहाताएवढ्या भागाची चकाकी प्रथम जाते. मग तेथे बोट फिरवल्यास लाटा हाताला लागतात. पुढे कडेला तपकिरी झाक असलेला फोड येतो, दिव्याची काच दुधाळ होते, आणि अखेर तो भाग खाली झुकून दिव्यांच्या वायरींवर टेकतो. चकाकी गेल्याचे कैवाऱ्याला त्याच दिवशी कळते, कारण तो बॉनेटला दर आठवड्याला पॉलिश करतो. पण ते उन्हाने झाले, असे तो ठरवतो. फोड आला की निदानासाठी शेजारी जमतात. एक जण निर्मात्याच्या कंजुषीवर, दुसरा इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर आणि तिसरा सरकारी प्रदूषण नियमांमुळे पातळ झालेल्या इंधनमिश्रणावर ठपका ठेवतो. इंधन कमी आणि हवा जास्त असलेल्या मिश्रणाने इंजिन अधिक तापते, हे खरेच असल्यामुळे तिसऱ्याचा मान मोठा राहतो. बॉनेट उचलून आत पाहावे, असे मात्र कोणालाच सुचत नाही.

यानंतर उपचारपर्व सुरू होते. उष्णतेने वाकडे झालेले प्लास्टिक गरम हवेच्या बंदुकीने आणखी उष्णता देऊन सरळ करणे हा पहिला उपाय, आणि त्याने पडलेल्या भोकावर ठिगळ लावणे हा दुसरा. भेगेच्या दोन्ही बाजूंना छिद्रे पाडून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी टाके घालणे, आतून तारेची जाळी डाखणीने वितळवून बसवणे, फायबरग्लासचे कापड आणि राळ थापणे, अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा रिव्हेट मारून जडवणे, हे उपाय क्रमाने आणि कधी कधी एकावर एक योजले जातात. एबीएस हे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते, त्यामुळे त्याच प्लास्टिकचे तुकडे विरघळवून भेगेत भरायची लापशी करता येते. आणि लेगोच्या विटा १९६३ पासून एबीएसच्याच बनत असल्याने, नेमक्या ट्रॅक्टरच्या रंगाच्या विटा नातवाच्या खेळातून हळूहळू कमी होऊ लागतात. पॉलिप्रोपिलीनवर मात्र अ‍ॅसिटोनचा काही परिणाम होत नाही आणि नेहमीचे गोंदही त्याला धरत नाहीत. बॉनेट कोणत्या प्लास्टिकचे आहे ते त्याच्या आतल्या बाजूला कंसासारख्या दोन खुणांमध्ये ठसवलेले आढळते. पण कैवाऱ्याचा सारा व्यवहार बाहेरच्या बाजूशी असल्याने नातवाच्या विटा वाया गेल्यावरच त्याला ते समजते. उपचारांची बेरीज नव्या बॉनेटच्या किमतीशी येऊन भिडते तेव्हा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला, हे त्याच्या पत्नीच्या ध्यानात येते, त्याच्या नाही.

दरम्यान आत काय चाललेले असते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. पंख्यावरच्या जाळीतून निसटलेला गवताचा बारीक भुसा, इंजिनाच्या झिरपलेल्या तेलात भिजून, फिन्सच्या फटींत जुन्या घोंगडीसारखा घट्ट बसलेला असतो, आणि हिवाळ्यात यंत्र उभे असताना उंदराने त्या घोंगडीला घरपण आणलेले असते. हवेची वाट बंद झाल्यामुळे इंजिन कढत राहते, आणि ती झळ वरच्या बॉनेटपर्यंत पोहोचू नये म्हणून बसवलेला उष्णतारोधक पत्रा तर जागेवरच नसतो. तो दोन उन्हाळ्यांपूर्वी स्क्रू सैल होऊन खडखडू लागला, म्हणून कैवाऱ्याने स्वहस्ते काढून खिळ्यांच्या डब्यामागे ठेवला, आणि त्यानंतरही ट्रॅक्टर सुरू झाल्यामुळे तो पत्रा कशासाठी होता हा प्रश्न कायमचा निकाली निघाला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी या न्यायाचे इतके शुद्ध उदाहरण यंत्रशास्त्रात विरळाच सापडेल.

त्यात भर पडते ती त्याच्या मायेची. गवत कापून झाले की फुटबॉलचा सामना चुकू नये म्हणून तो पूर्ण वेगातले इंजिन तसेच बंद करतो. पंखा थांबतो, पण सायलेन्सरमध्ये साठलेली उष्णता थांबत नाही; वाऱ्याचा झोत नाहीसा झाल्याने ती सरळ वर चढते, आणि बॉनेटला सर्वांत मोठा चटका कामाच्या वेळी नव्हे तर काम संपल्यानंतरच्या काही मिनिटांत बसतो. वेग कमी करून इंजिन थोडे निवू द्यावे आणि मग बंद करावे, असे पुष्कळ माहितीपुस्तिकांत लिहिलेले असते. कैवारी नेमके उलट करतो. बॉनेटवर धूळ बसू नये म्हणून गॅरेजचे दार लावून तो ट्रॅक्टरवर ताडपत्रीही घालतो.

अलीकडे न्यू जर्सी, इलिनॉय वगैरे भागांत स्थायिक झालेली मराठी मंडळीही या वर्गात दाखल झाली आहेत, आणि त्यांच्याकडे सहा महिन्यांसाठी राहायला आलेल्या सांगली-साताऱ्याकडच्या वडिलांमुळे प्रश्नाची दुसरी बाजू उजेडात येते. कापलेले एवढे गवत कोणत्या जनावराला घालता, या त्यांच्या पहिल्या शंकेचे समाधान होत नाही. बॉनेट तापत असेल तर काढून टाक, हा त्यांचा दुसरा अभिप्राय अनुभवसिद्ध असतो, कारण त्यांच्या स्वतःच्या ट्रॅक्टरचे बॉनेट गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे असते आणि त्यावाचून उसाची एकही खेप अडलेली नसते. तांत्रिकदृष्ट्या वडिलांचे चुकत नाही. हवा वळवणारे आवरण जागेवर असेल, तर बॉनेटवाचून इंजिनाचे थंड होणे अडत नाही. मुलगा मात्र हादरतो. ज्या वस्तीत गवताच्या उंचीवरही घरमालकांच्या संघटनेचा नियम असतो, तेथे उघड्या इंजिनाचा ट्रॅक्टर घेऊन रस्त्याकडेच्या हिरवळीवर फिरणे म्हणजे चारचौघांत अब्रू घालवणे होय.

कैवाऱ्याच्या वर्तनाची संगती येथेच लागते. इंजिन त्याचे एकट्याचे असते, बॉनेट साऱ्या आळीचे. फिन्समधला भुसा काढायला काही स्पॅनर, एक ब्रश आणि शनिवारची अर्धी सकाळ पुरते. पण त्या कामाची तारीफ करायला कुंपणाशी कोणी थांबत नाही, आणि रिव्हेट मारलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या ठिगळाविषयी मात्र दर शनिवारी कोणी ना कोणी विचारतो. म्हणून ठिगळे वाढत जातात आणि भुसाही वाढत जातो.

बॅटरीवर चालणारे गवतकापे ट्रॅक्टर आता बाजारात आले आहेत, आणि त्यांत सायलेन्सरच नसल्याने ही व्याधी समूळ नष्ट होईल, असा भोळा तर्क काही जण करतात. त्यांनी व्याधीचा अभ्यास केला आहे, रोग्याचा केलेला नाही. असा ट्रॅक्टर घेणे कैवाऱ्याला भाग पडेल त्या दिवशी, त्याच्या नव्या कोऱ्या बॉनेटला आतून चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची उष्णतारोधक पट्टी खबरदारी म्हणून चिकटवलेली आढळली, तर अभ्यासकांनी आश्चर्य मानण्याचे कारण नाही.