खापराचे अर्थशास्त्र

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्जाला दोनच धनी असतात : आधीचा अध्यक्ष आणि नंतरचा. पदावर असलेल्या अध्यक्षाचा त्याच्याशी संबंध नसतो. तो बिचारा फक्त वारसा निस्तरत असतो.

कोणी किती कर्ज केले हे काढण्याची सोपी रीत वजाबाकीची. शपथविधी २० जानेवारीला होतो. त्या दिवशीचे आकडे घ्यायचे. २००१ मध्ये कर्ज सुमारे ५.७ लाख कोटी डॉलर होते, २००९ मध्ये १०.६, २०१७ मध्ये १९.९, २०२१ मध्ये २७.८ आणि २०२५ मध्ये ३६.२. या पायऱ्या बुश, ओबामा, ट्रम्प आणि बायडेन यांच्या, म्हणजे दोन्ही पक्षांनी आळीपाळीने बांधलेल्या. त्यामुळे वजाबाकी कोणालाच मानवत नाही आणि माप बदलले जाते. ओबामांचे कर्ज डॉलरात मोजले की डोळे पांढरे होतात. रेगन यांचे पटीत मोजावे, ते आठ वर्षांत जवळजवळ तिप्पट झाले. गज कोणता घ्यायचा, हे मोजणाऱ्याच्या पक्षावरून ठरते.

खरा घोळ पंचांगाचा आहे. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि अध्यक्ष बदलतो जानेवारीत. नवा यजमान येतो तेव्हा पहिली पंगत उठलेली असते आणि पुढच्या पंगतीचा शिधा आधीच्याने उधारीवर आणून ठेवलेला असतो. २००९ चे आर्थिक वर्ष यामुळेच अजून पोरके आहे. त्या वर्षाची तूट सुमारे १.४ लाख कोटी डॉलर. पैकी १.२ लाख कोटींचा अंदाज काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने ओबामांच्या शपथविधीआधीच दिला होता. पण शपथ घेतल्यावर महिन्याच्या आत ओबामांनी ७८७ अब्ज डॉलरच्या मदत योजनेवर सही केली, आणि विरोधकांना आधीचे १.२ लाख कोटी विसरायला तेवढी सही पुरली.

करकपातीचे गोत्र तर याहून अवघड. २००१ आणि २००३ च्या करकपातीला जन्म दिला बुश यांनी. तिची मुदत संपत आली तेव्हा ओबामांनी ती वाढवली आणि जानेवारी २०१३ मध्ये तिचा बराचसा भाग कायमचा दत्तक घेतला. बुडालेला महसूल कोणाच्या खाती मांडायचा, यावर दोन्ही घरे दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतात.

पैसा वाटताना मात्र नाव विसरले जात नाही. २०२० मध्ये करोनाकाळात मदतीचे जे कागदी धनादेश गेले, त्यांवर ट्रम्प यांचे नाव छापलेले होते. त्याच मदतीसाठी सरकारने विकलेल्या रोख्यांवर असे नाव छापण्याचा आग्रह कोणी धरला नाही.

शिल्लक पडली की धनी वाढतात. १९९८ ते २००१ अशी चार वर्षे अंदाजपत्रक शिलकीचे होते. ते क्लिंटन यांच्यामुळे आणि रिपब्लिकन काँग्रेसमुळेही, असे ज्याने त्याने सांगितले. संपूर्ण कर्ज फिटल्याचा प्रसंग एकदाच आला, १८३५ मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळात. दोनच वर्षांत मोठी मंदी आली. तोवर जॅक्सन पायउतार झाले होते, आणि ती व्हॅन ब्यूरेन यांच्या पदरात पडली.

राज्यघटनेप्रमाणे कर्ज काढण्याचा अधिकार अध्यक्षाचा नाहीच, काँग्रेसचा आहे. पण ५३५ सदस्यांच्या माथी एकच खापर फोडणे अवघड. अध्यक्षाचे डोके एकच आणि सोयीचे. १९१७ पासून कर्जाला मर्यादाही आहे. आधीच मंजूर केलेल्या खर्चाचे बिल चुकवायचे की नाही, यावर काँग्रेस अधूनमधून मतदान करते. २००६ मध्ये ती मर्यादा वाढवायला सिनेटर ओबामांनी विरोध केला. २०११ मध्ये ती वाढवा म्हणून अध्यक्ष ओबामांनी गळ घातली.

मॅनहॅटनमध्ये सीमोर डर्स्ट या बिल्डरने १९८९ मध्ये कर्जाचे घड्याळ लावले. शिलकीच्या दिवसांत, २००० मध्ये, ते झाकून ठेवले आणि २००२ मध्ये पुन्हा सुरू करावे लागले. २००८ मध्ये आकड्यांना जागा पुरेना, म्हणून डॉलरच्या चिन्हाची जागाही आकड्याला दिली. त्यावर अध्यक्षाचे नाव नाही. खालच्या ओळीत प्रत्येक कुटुंबाचा वाटा तेवढा दाखवलेला असतो.