मंडपातला ससा

सप्ताहाच्या आदल्या दुपारी आमच्या मंडपात दोन चाचण्या चालल्या होत्या. मंडपवाल्याचा पोरगा माइकवर फुंकर घालून ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणत होता, आणि मी पारावर मांडीवर लॅपटॉप घेऊन गावाच्या वेब पानावर ससा नाचवत होतो.

ससा म्हणजे ‘बिग बक बनी’. ॲमस्टरडॅमच्या ब्लेंडर इन्स्टिट्यूटनं २००८ साली काढलेला दहाएक मिनिटांचा कार्टूनपट. तो कुणीही फुकट वापरावा अशी मुभा त्यांनी देऊन टाकली, तेव्हापासून पानात बसवलेला व्हिडिओ धड चालतो का, हे बघायला आधी या गरिबालाच पुढं करतात. आचारी पंगतीआधी आमटीचा थेंब तळहातावर घेतो ना, तसं. ससा बिळातून बाहेर येतो, आळस देतो, फूल हुंगतो; तेवढ्यात आपलं समाधान होतं आणि आपण त्याला बंद करतो. मी त्याला शेकडो वेळा झोपेतून उठवलंय, पण पुढं त्याचं काय होतं हे बघायला एकदाही थांबलेलो नाही.

पुण्याहून आत्याचा फोन आला. “लेकरा, कीर्तनात ससा कामून आलाय? अन् मुका हाय का?”

मुका नव्हता, त्याला बोलायची परवानगी नव्हती. आपणहून सुरू होणाऱ्या व्हिडिओनं आवाज करायचा नाही, असा दंडक क्रोमनं २०१८ साली घातला. नव्या सुनेनं विचारल्याशिवाय बोलू नये, या आत्याच्याच काळातल्या नियमासारखा. मी म्हटलं, “आत्या, खाली कर्ण्याचं चित्र दिसतंय ना, त्यावर बोट ठेव.” मग ससा काढून मी मंडपातला कॅमेरा जोडला.

इथं खरी गंमत झाली. फोनमधून आत्याला ‘हॅलो’ ऐकू आलं. तिनंही ‘हॅलो’ म्हटलं. वीस-पंचवीस सेकंदांनी तेच ‘हॅलो’ तिच्या पडद्यावरून आलं. तिनं पुन्हा, थोडं चिडून, ‘हॅलो’ म्हटलं. थेट प्रक्षेपण म्हणतात खरं, पण ते एकसलग येत नाही. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे होतात, महाप्रसादाची बुंदी द्रोणांत भरावी तसे, आणि पलीकडचा पडदा दोन-तीन द्रोण हाताशी जमल्याशिवाय तोंडात घास घालत नाही. कोपऱ्यातला लाल ठिपका ‘लाइव्ह’ म्हणत असतो, तेव्हा इकडं ते होऊन गेलेलं असतं. “म्हंजे मी मागं बसलेय म्हण की,” आत्या म्हणाली.

मागं बसणं आमच्या हिंगोली जिल्ह्याला नवं नाही. औंढ्याला नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, मागं जा म्हणाले. ते मागं गेले, तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं, अशी कथा आहे. नंदी बिचारा राहिला होता तिथंच, आता देवळाच्या पाठीशी बसलेला दिसतो. लहानपणी आत्याच मला तिथं घेऊन गेली होती. मला देवापेक्षा नंदीचीच काळजी वाटली होती, की त्याला कुणी कळवलं कसं नाही.

“कॅमेरा जरा उजवीकडं घे.”

“तिकडं काही नाही आत्या. व्यासपीठ इकडं आहे.”

“घे तर.”

घेतला. चिंच दिसली, तिच्यामागं आत्याच्या माहेरचं दार. त्याला कुलूप. दाराशी शेजारची शेळी निवांत रवंथ करत बसलेली. पंचवीसेक सेकंद फोनवर नुसता श्वास ऐकू आला, मग आत्या हळूच म्हणाली, “पायरी तशीच हाय की रे.”

ऊन कलल्यावर माइकवाला पोरगा वायरी गुंडाळून गेला. मीही चाचणी बंद करायला बसलो, तर पानाच्या तळाशी आकडा होता. पाहणारे : १.

लॅपटॉप तसाच उघडा ठेवून मी चार्जर आणायला घरी गेलो. शेळी अजून तिथंच होती.