तीन रंगांच्या पिना आणि एक गुंड

आमच्या घरात 1991 सालापासून एक खटला चालू आहे. फिर्यादी आत्या, आरोपी आई, आणि साक्षीला दरवेळी बोलावले जाणारे बाबा दरवेळी फितूर. मुद्दा एवढाच, की आईबाबांच्या लग्नात आत्यानं आहेरात दिलेला गुंड पितळेचा होता की स्टीलचा. आत्या म्हणते पितळेचा. आई म्हणते, ‘स्टीलचा होता, अन् त्यालेही पोचा होता.’ (गुंड म्हणजे पाणी भरायचं भांडं. पुण्याकडच्या वाचकांनी दारं लावून घेऊ नयेत.) मुद्देमाल कधीच मोडीत गेला. पुरावा उरला एकच, लग्नाची व्हिडिओ कॅसेट.

कॅसेट होती. मामानं मस्कतहून आणलेला व्हीसीआरही माळ्यावर होता. आर्वी नाक्याजवळच्या एका जुन्या कारागिरानं त्याचे झिजलेले पट्टे बदलून दिले आणि हेड साफ केलं. पूर्वी ते काम आम्ही कोऱ्या नोटेनं करायचो, हे ऐकून त्यानं कानाला हात लावला. अडलं ते नव्या टीव्हीपाशी. दिवाळीला घेतलेल्या त्रेचाळीस इंची टीव्हीच्या पाठीमागे रंगीत भोकंच नव्हती. पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची, पिवळ्यात पिवळी नि लालात लाल, एवढ्या भांडवलावर आमची अख्खी पिढी स्वतःला इंजिनिअर समजत आली. इथे मात्र तीन चपट्या फटी, वर लिहिलेलं ‘एचडीएमआय’. हे प्रकरण 2002 सालचं. त्या एका फटीत एकोणीस बारीक पिना शेजारी शेजारी बसतात, आणि कुणाचा रंग कुणाला कळत नाही.

बाजारातल्या दुकानदारानं एका टोकाला चपटी पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना असलेली वायर काढून दिली. ‘इकडून तीन, तिकडून एक. लावलं का सुरू.’ लावलं. सुरू झालं नाही. निळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’. मग कळलं, की व्हीसीआर चित्र पाठवतो लाटांमध्ये, आणि टीव्हीला लागतात शून्य नि एकचे आकडे. नुसत्या वायरीनं त्यांचं जमत नाही. लग्न जुळवताना दोन घरांत नुसता रस्ता असून भागत नाही, मध्ये बोलणारा माणूस लागतो. तसलं हे.

‘मग डब्बी पाहिजे ना तुम्हाले,’ दुकानदार म्हणाला. ‘आधी सांगाचं होतं.’

डब्बी आली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, काळी. पण तिला तीन रंगीत भोकं असूनही पुन्हा निळा पडदा. दोन दिवस मी पिना उपसल्या आणि खुपसल्या. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून डब्बीवरची अक्षरं वाचली. ती एचडीएमआयचं एव्ही करणारी होती, म्हणजे नवा डबा जुन्या टीव्हीला जोडायची. मला उलट हवं होतं. दोन्ही डब्ब्या रंगानं, आकारानं जुळ्या बहिणी, फक्त शब्दांची अदलाबदल. परत नेली तर दुकानदार शांतपणे म्हणाला, ‘एकच असते जी ते. उलटी करून पाहा.’ ह्या डब्ब्या एकेरी वाहतुकीच्या असतात हे त्याला पटवता पटवता माझा अर्धा दिवस गेला.

तिसऱ्या खेपेला बरोबर डब्बी मिळाली. तिला पाच व्होल्टची वेगळी वीज लागते, म्हणून चौथी वायर. टीव्हीखाली आता एवढी वेटोळी झाली, की बाबा म्हणाले, ‘सेवाग्रामहून तो चिमटा आणा.’ बापूंच्या आश्रमात साप न मारता धरून लांब सोडायला वापरत ते लाकडी चिमटे अजून ठेवलेत. शाळेच्या सहलीत आम्ही बापूकुटीपेक्षा जास्त वेळ त्यांच्यासमोरच काढायचो.

आणि चित्र आलं. मंगलाष्टकं चालू, अक्षता उडताहेत, आई चक्क लाजते आहे. फक्त सगळं काळंपांढरं.

‘आमचं लग्न रंगीत होतं,’ आई म्हणाली.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि योगायोग असा की खरोखर पालच होती. आपल्याकडच्या रंगीत चित्राच्या जुन्या पद्धतीचं नावच ‘पाल’, 625 ओळींची, जर्मनीत जन्मलेली. आखातात मात्र एका देशाची पद्धत शेजाऱ्याला चालेलच असं नव्हतं, म्हणून मामाच्या व्हीसीआरला एक बारीक खटका होता, पाल आणि मीसेकॅम असा. तो मीसेकॅमवर अडकलेला. अशानं रंग जातो आणि चित्र उरतं. खटल्याच्या दृष्टीनं हे फारच घातक, कारण काळ्यापांढऱ्यात पितळ नि स्टील अगदी सख्खे भाऊ दिसतात.

खटका सरकवला, शालू हिरवा झाला. स्पष्टपणा मात्र वाढला नाही. डब्बी जुन्या चित्राच्या 576 ओळी घेते आणि 1080 ओळींच्या पडद्यावर लाटते. उंडा तेवढाच, पोळी मात्र परातभर. त्यात व्हिडिओवाल्या कलावंतानं नवरीला गुलाबात बसवून गरागरा फिरवलेलं. शेवटी आहेर सुरू झाला. आई सरसावून बसली. आत्या आली, वाकली, गुंड ठेवला.

वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

आईनं तो प्रसंग चार वेळा मागे घेऊन पाहिला. ‘कागदातून पोचा दिसून राहिला,’ असा निकाल तिनं एकटीनंच दिला. बाबांनी हवामानाचा विषय काढला.

आता फिर्यादीलाही पुरावा दाखवणं न्यायाला धरून होतं. पुढच्या रविवारी आत्या आर्वीहून एसटीनं आली. देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र 1971 साली आर्वीला झालं, हे तिनं कुठेतरी वाचलंय. ती आर्वी पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आहे हे तिला सांगायची आमच्यात कुणाची छाती नाही. त्यामुळे टीव्ही, छत्री, डब्बी या विषयांत आमच्याकडे शेवटचा शब्द तिचाच. बाबांनी गोरसपाकाचा डबा पुढे केला आणि कॅसेट सुरू झाली.

पंगत आली. सफारीतले आतोबा जिलबी वाढत होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

‘इतके जाडे नव्हते रे हे,’ आत्या म्हणाली.

तिचं बरोबर होतं. जुनं चित्र चारास तीन, नवा पडदा सोळास नऊ. टीव्ही भरून काढायला प्रत्येक माणूस रुंदीला एक तृतीयांश वाढवतो. सगळं वऱ्हाड आठवडाभर असं फुगलेलं पाहूनही आमच्या ते लक्षात आलं नव्हतं. आमच्याकडचे सगळे तसे मुळातच रुंद. रिमोटवर चित्राचा आकार शोधला, चारास तीन केलं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले आणि मध्ये आतोबा किडकिडीत झाले.

‘हां. आता झाले,’ आत्या म्हणाली आणि हातातला गोरसपाक हातातच राहिला.

पंगत संपली. आहेर सुरू झाला. कागदात गुंडाळलेला गुंड पडद्यावर आला, पाटासमोर ठेवला गेला आणि गेला. कुणी ‘थांबव’ म्हणालं नाही. आई चहाचं पाहायला आत गेली होती. ती कप घेऊन बाहेर आली.

‘आला का गुंड?’

‘नाही अजून,’ आत्या म्हणाली. ‘मागं घे रे. हे जिलबी वाढून राहिले, तिथून लाव.’