सात चोविसांश किचन

आमच्या शहरातली जाणती मंडळी सकाळचं वर्तमानपत्र दोन जागी वाचतात. आधी निधनवार्ता, मग जाहीर प्रगटन. पहिल्या रकान्यात जे गृहस्थ 'पश्चात पत्नी, दोन मुले, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार' ठेवून जातात, त्यांचं घर काही वर्षांत दुसऱ्या रकान्यात अवतरतं. मधल्या काळात परिवाराचे पक्षकार झालेले असतात.

या दोन रकान्यांच्या मधल्या फटीत हल्ली एक धंदा फोफावला आहे. जुनं घर पडत्या भावात घ्यायचं, चार-सहा महिने नटवायचं आणि चढ्या भावात विकायचं. आमच्या संभाजीनगरात क्रांती चौकाच्या आसपास असं घर हाती लागलं तर लॉटरीच. इकडे समर्थनगर, तिकडे उस्मानपुरा, पाठीशी पैठण गेट आणि गुलमंडी, समोरून जालना रोड. शिवाय अदालत रोड इतका जवळ, की वाद झालाच तर रिक्षाचेही पैसे लागत नाहीत. आणि तो होतोच.

तसा हा चौक हक्क मागण्याचाच. २०२२ पासून इथे शिवछत्रपतींचा नवा भव्य अश्वारूढ पुतळा उभा आहे आणि शहरातला कुठलाही मोर्चा इथेच जमतो. मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा ९ ऑगस्ट २०१६ रोजी इथूनच निघाला. लाखो माणसं आली, घोषणा एकही झाली नाही. घराच्या हक्काचा मोर्चा याच्या बरोबर उलट असतो. माणसं तीन, घोषणा अखंड.

तर आमचे एक स्नेही या धंद्यात उतरले. त्यांनी हेरलेलं घर सत्तरच्या दशकातलं, लोडबेअरिंगचं, पुढे कडुनिंब, मागे आटलेली बोअर. वडील गेलेले, आई गेलेली. थोरला मुलगा घरात, धाकटा पुण्यात, मुलगी नाशिकला. थोरल्याने चहा पाजून सांगितलं, "सगळ्यांच्या वतीने मीच बघतो. आईचं मुखत्यारपत्र आहे माझ्याकडे." आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. देणारा माणूस गेला की त्याने दिलेलं मुखत्यारपत्रही जातं, हे १८७२ च्या करार कायद्यापासून चालत आलं आहे. पण त्या घरात आईच्या फोटोला हार होता, तिच्या मुखत्यारपत्राला नव्हता.

"आणि बहीण?" स्नेह्यांनी विचारलं.

"तिचं लग्न आम्ही थाटात केलं."

बहिणीचं लग्न थाटात केलं की तिचा वाटा आपोआप सुटतो, हा कायदा कुठल्याच पुस्तकात छापलेला नाही. तरी मराठवाड्यात त्याची अंमलबजावणी इतर कायद्यांपेक्षा चोख आहे. वास्तविक मृत्युपत्र न करता गेलेल्या वडिलांच्या स्वकष्टाच्या घरात मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत तिला हक्क द्यावा असं महाराष्ट्राला १९९४ मध्ये वाटलं, तेही तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरतं. दिल्लीला ते २००५ मध्ये वाटलं. 'पण वडील तेव्हा हयात कुठे होते?' ही शेवटची पळवाट सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात बुजवली. कायद्याला हे उमगायला चौसष्ट वर्षं लागली. भावांनाही थोडा वेळ द्यायला हवा.

स्नेह्यांनी इसार दिला, पाचशेच्या बाँडवर मजकूर लिहून नोटरी केली आणि किल्ली खिशात टाकली. साठेखत रीतसर का नोंदवलं नाही? कारण महाराष्ट्रात ताबा दिला की साठेखतालाही खरेदीखताच्या हिशेबाने मुद्रांक शुल्क बसतं. "ते पार्टी भरेल की!" स्नेही म्हणाले. पार्टी म्हणजे शेवटी जो घेणार तो. आपण मध्ये नुसते नटवणारे.

जाहीर प्रगटन मात्र त्यांनी दिलं. 'सदर मिळकतीत कोणाचा हक्क, हितसंबंध, बोजा, गहाण, दान, अन्नवस्त्र असल्यास पंधरा दिवसांचे आत लेखी पुराव्यासह कळवावे. अन्यथा तो जाणीवपूर्वक सोडून दिला आहे असे समजण्यात येईल.' समजणारा खुशाल समजतो. हक्क काही त्याने सुटत नाही. वर हे प्रगटन संभाजीनगरच्या स्थानिक पानावर, आणि बहीण नाशिकला. पंधरा दिवस गेले, हरकत आली नाही, हातोडा पडला.

पहिला हातोडा स्वयंपाकघराच्या भिंतीवर, कारण ओपन किचनशिवाय आता घर विकत नाही म्हणे. मिस्त्रीने भिंतीला हात लावून पाहिला. "साब, ये दीवार निकाले तो ऊपर का स्लॅब नीचे आयेंगा." स्नेह्यांनी त्याला मोबाइलवर दहा ओपन किचन दाखवली. मिस्त्रीने त्यातला एकही स्लॅब उचलून धरण्याची जबाबदारी घेतली नाही. शेवटी लोखंडी गर्डर आला आणि नफ्याचा पहिला लचका तोडून गेला.

दुसरा लचका काळ्या मातीने तोडला. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि तिच्यावरचं घर दरसाल थोडी योगासनं करतं. भेगा पायातून वर आलेल्या होत्या. पण पाया दुरुस्त करायचा तर खणावं लागतं, आणि पुट्टी चार तासांत वाळते. ओलीचंही तेच. स्लॅबमधून उतरणाऱ्या ओलीचा उगम शोधायचा तर गच्ची उखडावी लागते, पीओपीचं फॉल्स सीलिंग दोन दिवसांत बसतं. ओल दिसते जुलैत, आणि घर विकायचं असतं एप्रिलमध्ये. सगळ्या धंद्याचं गणित या तीन महिन्यांत आहे.

बाथरूममध्ये रेन शॉवर ठरला. ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार हे पंचांगात बघावं लागतं, तिथे छतातून पाऊस पाडण्याची ही सोय. जायकवाडीहून पाणी आणणाऱ्या नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं तेव्हा ती १६८० कोटींची होती. पुढे ती २७४० कोटींवर गेली. ठेकेदाराने इस्टिमेट वाढवलं म्हणून स्नेही कुरकुरत होते, तेव्हा आम्ही त्यांना हे आकडे ऐकवले. त्यांना एकदम हलकं वाटलं.

मग शेजारी आले. मागच्या बाजूला वाढवलेली भिंत त्यांच्या खिडकीवर चढत होती.

"जागा आमची आहे," स्नेही म्हणाले.

"उजेड आमचा आहे," शेजारी म्हणाले.

वीस वर्षं विनाअडथळा वापरलेल्या उजेडावर हक्क सांगता येतो, असं १८८२ चा सुविधाधिकार कायदा म्हणतो. त्यामुळे आमच्याकडे प्लॉट एकाचा, उजेड दुसऱ्याचा आणि त्या प्लॉटखालून जाणारा सांडपाण्याचा पाइप तिसऱ्याचा, अशी सहकाराची मोठी परंपरा आहे.

एवढं होऊनही गाडं चाललं असतं. पण स्नेह्यांनी घराचा 'आधी आणि नंतर' असा व्हिडिओ टाकला. नाशिकच्या ताईंनी तो पाहिला, लाइक केला आणि वाटणीचा दावा लावला. कोर्टाने 'जैसे थे'चा आदेश दिला. आता जैसे थे म्हणजे कसं होतं, हे बघायला कोर्ट कमिशनर टेप घेऊन आले. त्यांचे सहायक लिहून घेत होते.

"किचन ओटा, ग्रॅनाइटचा, एक बाजू अधांतरी. कमोड, नग एक, खोक्यात. रेन शॉवर, नग एक, पाणी नाही. फॉल्स सीलिंग, अर्ध्या हॉलवर. हॉल व स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत..." सहायक थांबले. "साहेब, ती नाहीये."

"नाही असं लिहा."

"नाही ते पण जैसे थे का?"

"अर्थात. जे नाही, ते निकालापर्यंत नाहीच ठेवायचं."

स्नेह्यांनी अदालत रोडवर वकील गाठले.

"वकीलसाहेब, थोरल्याचा वाटा तरी माझ्या नावावर करून घेऊ."

"घ्या ना. पण कुटुंबाच्या राहत्या घरातला वाटा परक्याने घेतला तर त्याला आत शिरून एकत्र ताबा मागता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ४४."

"मग वाटणी मागू."

"मागा. मागितलीत की ताई म्हणतील, परक्याचा वाटा आम्हीच विकत घेतो. वाटणी कायदा १८९३, कलम ४. कोर्ट किंमत ठरवेल, त्या घर ठेवतील, तुम्ही बाहेर."

"नाहीतर आहे तसं विकून टाकतो एखाद्या पार्टीला."

"विका. पार्टीला दावा फुकट मिळेल. पुन्हा हस्तांतरण कायदा, कलम ५२."

"आणि माझा घातलेला खर्च?"

"कलम ५१. आपणच मालक आहोत अशा सद्भावनेने खरेदीदाराने सुधारणा केली असेल, तर त्याची किंमत मागता येते. तुमच्याकडे खरेदीखत नाही, ते असू द्या. पण तुम्हाला आपण मालक आहोत असं कधी मनापासून वाटलं होतं का?"

"मला तर विकायचं होतं."

"हे साक्षीत बोलू नका."

मग वकिलांनी कपाटातून सांगलीचं मगदूम प्रकरण काढलं. खंडाप्पा मगदूम २७ जून १९६० रोजी गेले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी नोव्हेंबर १९६२ मध्ये वाटणीचा दावा केला. मिळकत म्हणजे दोन घरं, जमीन, दोन दुकानं. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल १९७८ रोजी निकाल दिला: हिराबाईंचा वाटा सात चोविसांश. हिशेब सरळ आहे. खंडाप्पा जाण्याच्या क्षणाआधी वाटणी झाली असं समजायचं. नवरा, बायको, दोन मुलगे यांना एकेक चतुर्थांश. नवऱ्याच्या चतुर्थांशाचे मग सहा वारसांत सहा तुकडे, म्हणजे प्रत्येकी एक चोविसांश. बायकोचे स्वतःचे सहा आणि हा एक, झाले सात. एवढ्या बेरजेला पंधरा वर्षांहून जास्त लागली.

"पण आपल्याकडे सोपं आहे," स्नेही म्हणाले. "तिघं भावंडं, एकेक तृतीयांश."

"होतं," वकील म्हणाले. "काल थोरल्याने आईचं मृत्युपत्र हजर केलं. आणि ताईंचं म्हणणं, घर आजोबांची शेती विकून बांधलंय, म्हणजे वडिलोपार्जित. आता अपूर्णांक सुरू होतील."

त्या रात्री स्नेह्यांनी ग्रॅनाइटच्या ओट्याचे चोविसांश काढून पाहिले. गॅसची शेगडी एकाही वाट्यात पुरी बसेना.

त्यांनी मग दुसरीकडे बघायला सुरुवात केली. सिडकोची घरं देखणी, पण खालची जमीन मुळात भाडेपट्ट्याची. पट्टा अजून तसाच असेल तर हस्तांतराला आधी सिडकोचं दार वाजवा. कडेच्या वस्त्यांमध्ये 'बाँडवरचे' प्लॉट स्वस्त. तिथे गुंठेवारीचा २००१ चा कायदा मदतीला आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची घरं त्यात घेतली आहेत. मात्र नियमित होतं ते बांधकाम, मालकी नव्हे. बाँड बाँडच राहतो. जुन्या शहरात गेलं तर निजामाच्या काळचे उर्दू कागद. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला, कागद अजून व्हायचे आहेत. ते वाचणारा माणूस मिळत नाही, आणि दोन मिळाले तर दोन मालक निघतात.

खरं तर यात अवघड काहीच नाही. दुय्यम निबंधकाकडे तीस वर्षांचा सर्च काढावा, आणि दोष एकतिसाव्या वर्षात असतो हे धरून थोडा मागेही जावं. नगर भूमापनातून मालमत्ता पत्रक आणावं. महापालिकेची घरपट्टी कोणाच्या नावे येते यावरून मालक ठरत नाही. वारसांची नोंद करावी, सगळ्यांना, विशेषतः थाटात लग्न झालेल्यांना, एका टेबलाशी बसवून नोंदणीकृत कागदावर सही घ्यावी. हातोडा त्यानंतर. अमेरिकेत मालकी हक्काचा विमा मिळतो. दोष निघाला तर भरपाई कंपनीला द्यावी लागते, म्हणून कंपनीच आधी कागद चाळून काढते. आपल्याकडे जोखीम घेणाऱ्याची, म्हणून चाळणी कोणाच्याच हातात नाही. कागद दुरुस्त करायला लागले असते तेवढेच महिने ओटा आणि सीलिंग बसवण्यात गेले. पण मालमत्ता पत्रकाचा 'आधी आणि नंतर' व्हिडिओ कोण बघणार?

परवा स्नेह्यांबरोबर आम्हीही वकिलांकडे गेलो. ऑफिस ओळखू येईना. नव्या टाइल्स, नवा एसी, काचेचं पार्टिशन, आणि छताला पीओपीही नाही, सरळ गच्ची उखडून वॉटरप्रूफिंग. स्नेही हरखले. धंद्यातला माणूस शेवटी धंद्याचंच विचारतो.

"वकीलसाहेब, जागा घेतली वाटतं?"

"छे! भाड्याची आहे. मालक चौघं भाऊ आहेत, त्यांचा वाद चालू आहे. निदान माझी वकिली संपेपर्यंत मला इथून कोणी उठवत नाही."

"वाद मिटला तर?"

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "दोघं माझेच अशील आहेत," ते म्हणाले.