बर्लिनमध्ये रवा कसा ओळखावा

ही मार्गदर्शिका नुकत्याच जर्मनीत उतरलेल्या मराठी पालकांसाठी आहे. लागणारं साहित्य: सपाट आणि जाड बुडाचं पातेलं, वेलदोडे, लाकडी उलथनं, आणि सकाळी गरम खिरीखेरीज कशालाही तोंड न लावणारं मूल, नग एक. मूल सोबत नसेल तर पाव-चीज खाऊन कामाला लागावं, पुढचं वाचू नये.

पूर्वतयारी भारतातच करायची असते. बॅग भरताना नवशिक्याचा हात पहिल्यांदा साजूक तुपाच्या बरणीकडे जातो. तो तिथेच धरावा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस आणि दूधदुभतं आणायला मनाई आहे. तूप, खवा, पेढे सगळं त्यात आलं. तूप आजीने स्वतः कढवलं आहे, या मुद्द्याची नियमात कुठेही दखल घेतलेली नाही. सूट आहे ती तान्ह्या बाळांच्या दूध पावडरीला आणि बाळान्नाला: कंपनीचं सीलबंद पाकीट, फोडेपर्यंत फ्रीजची गरज नसलेलं, माणशी 2 किलोपर्यंत. नाचणीचं सत्त्व न्यायचं तर तेही छापील लेबलाच्या पाकिटात न्या. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली ती मातकट पूड नक्की काय आहे, हे विमानतळावर गणवेशातल्या माणसाला समजावून सांगणं नव्या भाषेच्या पहिल्या धड्यासाठी अवघड आहे. तुपाचं दुःख मात्र करू नका. लोण्याच्या किंवा तेलाच्या फळीवर ‘बुटरश्माल्त्स’ लिहिलेला डबा मिळतो. ते कढवलेलं लोणीच. विरजणाचा वास नाही, कणीही यथातथाच, पण भाजायला आणि फोडणीला निभतं.

शोध रविवारी सुरू करू नये. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. नवी कुटुंबं मात्र हमखास शनिवारी रात्री उतरतात आणि मूल रविवारी पहाटे चारला भुकेने उठतं. मोठ्या रेल्वे स्थानकांवरची काही दुकानं उघडी असतात. तिथे प्रेट्झेल मिळेल. मूल तो खाणार नाही, पण त्याच्या भोकांतून तुमच्याकडे बघत बसेल, तेवढाच वेळ जातो.

सोमवारी सुपरमार्केट. ‘नाश्ता’ असा फलक दिसला की मान वळवून पुढे निघा. तिथे थंड दुधात घालायचे कुरकुरीत प्रकार आहेत आणि खोक्यांवर मुलांना बोलावणारी चित्रं आहेत. तुम्हाला पिठांची फळी हवी. इथून पुढे सावकाश वाचा, कारण सगळी पाकिटं एकाच उंचीची आणि एकाच पांढऱ्या-निळ्या चेहऱ्याची असतात.

‘वाइशवाइत्सेनग्रीस’ हा साध्या, मऊ गव्हाचा रवा. खीर, शिरा, बाळाची पेज यांसाठी हाच. ‘हार्टवाइत्सेनग्रीस’ ड्युरम गव्हाचा, म्हणजे आपल्या बन्सीच्या गोतातला. रंगाने पिवळसर, शिजूनही दाणा सोडत नाही. उपमा मोकळा हवा असेल तर हा घ्या आणि पाणी जरा हात सैल सोडून घाला. ‘डिंकेलग्रीस’ स्पेल्ट नावाच्या जुन्या गव्हाचा. चालतो, आणि खिशाला जाणवतो. चौथं पाकीट ‘पोलेंटा’. तो मका आहे. रंगाला भुलून त्याचा शिरा करणाऱ्यांची एक स्वतंत्र मूक बिरादरी बर्लिनमध्ये आहे असं मला वाटतं.

त्याच रांगेत पोह्यांसारखं काही दिसेल. ते पोहे नाहीत, ओट्स आहेत. ‘त्सार्ट’ लिहिलेले बारीक, ‘केर्निग’ लिहिलेले अख्ख्या दाण्याचे. दोन्हींना कांदा-मोहरीची फोडणी देता येते, कायद्याने बंदी नाही. पण बारकाईने बघणारं मूल तुम्हाला पकडणारच. ओट्स दुधात शिजवून खजूर घालून द्या. ती त्यांची जात आहे.

तांदळाची गोष्ट सोपी आहे. ‘मिल्शराइस’ नावाचा आखूड, गोल तांदूळ जर्मन लोक दुधात शिजवून दालचिनी-साखर भुरभुरून खातात. हा तांदूळ आपल्या गुरगुट्या भाताला इतका योग्य आहे की आंबेमोहोराचा वास सोडता तक्रारीला जागा राहत नाही. मेतकूट मात्र पुण्याहून आणलेलं बरं.

नाचणीच्या बाबतीत बेसावध राहू नका. ‘हिर्झं’ लिहिलेलं पिवळं, गोल धान्य बायो दुकानांत सर्रास मिळतं, आणि दुकानदार ते मिलेट आहे असं सांगेल. खरंच सांगतो. पण ते नाचणी नव्हे, भगरीच्या जवळचं. त्याची खीर उत्तम होते. किंबहुना बटाटा रुळण्यापूर्वी जर्मनीतल्या गरिबाच्या घरात हीच खीर असे. ग्रिम बंधूंच्या एका गोष्टीतलं मंतरलेलं भांडं हिर्झंचीच गोड खीर शिजवतं. मुलीच्या आईला ते थांबवायचे शब्द ठाऊक नसतात आणि खीर घरातून रस्त्यावर, रस्त्यावरून गावभर पसरते. मूल घास घेत नसेल तेव्हा ही गोष्ट सांगून बघा. माझ्या पाहण्यात, गाव बुडेपर्यंत अर्धी वाटी रिकामी होते. खरी नाचणी भारतीय दुकानात ‘रागी’ म्हणून मिळेल. तिथे संपली असेल तर आफ्रिकी दुकानात विचारा. पूर्व आफ्रिकेत नाचणी पिकते, आणि केनिया-युगांडात तिच्या पिठाची ‘उजी’ नावाची पेज सकाळी मुलांना देतात. त्या दुकानात तुमचं मूल कशासाठी अडून बसलं आहे हे सांगावं लागणार नाही.

तुर्की दुकानातही सांगावं लागत नाही, आणि तिथे भावही बरा असतो. रव्याला तिथे ‘इर्मिक’ म्हणतात. लोण्यात चिलगोज्यांसारख्या पाइनच्या बियांसोबत तो खरपूस भाजून हलवा करतात. आपल्या शिऱ्याचा सख्खा भाऊ. बुलगूर घ्याल तर एवढं लक्षात ठेवा: तो गहू उकडून, वाळवून मग भरडलेला असतो. लापशीच्या हिशेबाने कुकरच्या शिट्ट्या केल्यात तर खळ तयार होईल. आपला लापशी रवा हवा असेल तर ‘वाइत्सेनश्रोट’ मागा, तो नुसता भरडलेला गहू. मंगळवारी आणि शुक्रवारी मायबाखउफरला कालव्याकाठी तुर्की बाजार भरतो. मुलाला घेऊन जा, आणि कोथिंबिरीची जुडी केवढी असते तेही एकदा बघून या.

आता जे कुठल्याच पाकिटावर छापलेलं नसतं ते. बरेच पालक इथपर्यंत बिनचूक येतात, योग्य रवा आणतात, पाकिटामागची कृती तंतोतंत पाळतात, आणि मूल वाटी सरकवून देतं. पाकिटामागे लिहिलेलं असतं की उकळत्या दुधात रवा सोडा, ढवळा, गॅसवरून उतरवा. जर्मन घरांत ही खीर अशीच होते आणि जर्मन मुलं ती चाटून खातात. यात कच्चा रवा थेट दुधात जातो. आपल्याकडे तो आधी तुपावर भाजला जातो, घरभर वास सुटतो, आणि मूल अंथरुणात असतानाच त्याचा नाश्ता सुरू झालेला असतो. तेव्हा मंद आचेवर भाजा. जर्मन स्वयंपाकघरातली काचेची विजेची शेगडी बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते. रवा बदामी व्हायच्या थोडा आधीच पातेलं बाजूला घ्या, नाहीतर तो तुमच्या डोळ्यांदेखत करपेल. दूध 3.5 टक्के फॅटचं घ्या. होमोजिनाइज्ड असल्याने जाड साय धरत नाही. सायीवर हट्ट करणाऱ्या मुलाशी याबाबत वाटाघाटी कराव्या लागतील. वेलदोडा शेवटी.

भाजताना झोपायच्या खोलीचं दार लावून घ्या. जर्मनीत शयनखोल्यांत आणि मुलांच्या खोल्यांत धुराचा भोंगा बसवणं सक्तीचं आहे, आणि मिरचीची फोडणी व आग यांतला फरक त्याला कळत नाही. शेजाऱ्यांनाही उशिरा कळतो.

एवढं करूनही एक दिवस मूल बालवाडीतून येईल आणि सांगेल की आज तिथे खीर होती, दोनदा घेतली. चौकशी करू नका. ती न भाजलेल्या रव्याचीच असणार.

राहिले कांदेपोहे. ते भारतीय दुकानात मिळतात, पाकिटं दोन प्रकारची असतात: पातळ आणि जाड. जाड घ्या. पातळ चिवड्याचे असतात, धुतले की लगदा होतो.