काका, लेस सुटली!

(स्थळ : सिंहगडाची आतकरवाडीकडची वाट, अर्ध्यावरचं ताकाचं दुकान. दुकान म्हणजे चार बांबू, एक ताडपत्री आणि दोन माठ. वेळ : रविवार सकाळ, पाऊस नुकताच सरलेला. वाट अजून जागोजाग ओली, गवत मात्र वाळायला लागलेलं, त्यामुळे पायमोज्यांत कुसळं.

पात्रं : नेमकरी, म्हणजे दर रविवारी गड चढणारे गृहस्थ, बँकेतून निवृत्त, मनगटावरचं घड्याळ मात्र अजून नोकरीत. अभ्यासू, भौतिकशास्त्र शिकणारी मुलगी. ताकवाली मावशी, नेमकऱ्यांपेक्षा वयानं लहान, तरी सगळ्यांची मावशी. ट्रेकलीडर, शिट्टीसह.)

अभ्यासू : काका, लेस सुटलीये तुमची.

नेमकरी : माहीत आहे.

अभ्यासू : पाय पडेल तिच्यावर.

नेमकरी : अगं, पायथ्यापासून इथपर्यंत प्रत्येकानं हेच सांगितलंय मला. पुण्यात पत्ता विचारला तर माणूस आधी आपल्याला नखशिखांत बघतो, मग सांगायचा की नाही ते ठरवतो. आणि इथे अनोळखी माणसाच्या बुटांची केवढी काळजी! एक गृहस्थ तर पुढे गेलेले परत खाली आले. कशाला? लेस सुटलीये सांगायला.

अभ्यासू : मग बांधत का नाही?

नेमकरी : बांधली होती. दोनदा. लेसच खराब आहे, दुसरं काय! बूट उत्तम, पण लेस बुटाबरोबर फुकट आलेली. फुकटच्या वस्तूचा दर्जा तो काय असणार?

मावशी : मागच्या बुटाची बी सुटायची की.

नेमकरी : तीही खराब होती.

मावशी : आन् त्याच्या आदीचे ते पांढरे बूट?

नेमकरी : मावशी, एक ताक द्या. मीठ कमी.

अभ्यासू : काका, रागावणार नसाल तर... एकदा माझ्यासमोर बांधून दाखवता?

नेमकरी : लेस? बांधून दाखवू? बाळ, कॅशच्या थैल्यांना गाठी मारून त्यांवर लाखेचं सील ठोकण्यात माझं आयुष्य गेलं. एकही थैली कधी सुटली नाही.

अभ्यासू : थैली चालत नव्हती ना पण.

(नेमकरी यावर काही बोलत नाहीत. दगडावर पाय ठेवून ते लेस बांधतात. बांधण्यात सफाई आहे, हे कबूल केलं पाहिजे. शेवटी एक झटका देऊन, सही केल्यासारखी मान वर करतात.)

नेमकरी : घे. सुरगाठ. घट्ट.

अभ्यासू : आता तिचे दोन कान कुठल्या दिशेला पडलेत बघा. एक बोटांकडे, एक घोट्याकडे. बुटाच्या लांबीत उभे.

नेमकरी : मग? कानांनी कुठे बघायचं हे त्यांचं ते ठरवतील.

अभ्यासू : ते आडवे पडायला हवेत. बुटाच्या रुंदीत, एक डावीकडे, एक उजवीकडे. उभे पडले म्हणजे खालची गाठ कच्ची. तुम्ही पहिली आढी घालताना उजवं टोक डाव्यावर घेतलंत. मग कान करून गुंडाळतानाही पुन्हा उजवंच डाव्यावर. दोन्ही वेळा एकाच बाजूनं. याला ग्रॅनी नॉट म्हणतात. एकदा उजवी डावीवर आणि पुढच्या वेळी डावी उजवीवर घेतली, की ती रीफ नॉट. स्काउटमध्ये सगळ्यात आधी हीच शिकवतात.

नेमकरी : आम्ही स्काउटमध्ये नव्हतो. आम्ही शाखेतही नव्हतो आणि सेवादलातही नव्हतो. आमच्या वडिलांनी आम्हाला लेस बांधायला शिकवली.

अभ्यासू : वडिलांनी समोर बसून शिकवली का?

नेमकरी : म्हणजे काय, माझ्या पाठीमागे बसून शिकवतील?

अभ्यासू : तिथेच घोळ झाला असेल. समोरच्याचं उजवं आपल्याला डावं दिसतं. अर्धं तुम्ही त्यांचं बघून केलंत, अर्धं त्यांनी तुमचा हात धरून करून घेतलं.

नेमकरी : (ताकाचा पेला खाली ठेवून) आमच्या वडिलांचा तू विषय काढू नकोस.

मावशी : ऱ्हाऊ द्या की, पोरगी चांगलं सांगतीया. म्या म्हशीचं दावं तुमच्यावानी बांदलं, तर म्हस पानशेतला जाऊन उबी ऱ्हाईल.

नेमकरी : म्हशीचं वेगळं. ती दाव्याला खेचते. मी माझी लेस खेचतोय का? मी नुसता चालतोय! कोणी हात लावत नाही, ओढत नाही, आणि तरी गाठ सुटते. आता याला लेसचा दोष म्हणायचं नाही तर कोणाचा?

अभ्यासू : काका, हाच प्रश्न अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठातल्या तीन अभियंत्यांना पडला होता.

नेमकरी : तिघांना?

अभ्यासू : तिघांना. २०१७ मध्ये त्यांचा निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यांच्यातलीच एक बाई ट्रेडमिलवर धावली आणि बाकीच्यांनी तिच्या बुटाचं चित्रण केलं, सेकंदाला ९०० चित्रं या वेगानं.

नेमकरी : नुसत्या लेसचं? आणि पगार मिळतो याचा?

अभ्यासू : ऐका तर. पाऊल जमिनीवर आपटतं तेव्हा गाठीला जो दणका बसतो, तो गुरुत्वाकर्षणाच्या साधारण सातपट. त्या दणक्यानं गाठ ताणली जाते, परत सैल होते. परत ताणली जाते, परत सैल. हे एकीकडे. दुसरीकडे पाय पुढेमागे झुलतो, त्याबरोबर लेसची मोकळी टोकं चाबकासारखी फटकारतात. एक अदृश्य हात ती टोकं ओढत असतो म्हणा ना. गाठ बराच वेळ जशीच्या तशी दिसते. मग जरा सरकली, की पुढच्या दोन पावलांतसुद्धा सगळी सुटू शकते.

नेमकरी : हां! हे मात्र खरं. कल्याण दरवाज्याच्या बाजूनं चढलो होतो तेव्हा खाली बघितलं तर ठीक, आणि जरा दरीकडे बघून पुन्हा खाली बघितलं तर लोंबतेय!

अभ्यासू : आणि गंमत म्हणजे, खुर्चीच्या कडेला बसून नुसते पाय झुलवले तर सुटत नाही. एका जागी नुसते पाय आपटले तरी सुटत नाही. आपटणं आणि झुलणं, दोन्ही एकदम लागतं.

नेमकरी : म्हणजे चालणं.

अभ्यासू : म्हणजे चालणं. टोकांना त्यांनी बारीक वजनं लावून बघितली, तेव्हा गाठ अधिकच सुटायला लागली. आता तुमची टोकं बघा. वीतभर लांब, वर चिखलानं जड झालेली.

(ट्रेकलीडर येतो. मागे रंगीत टोप्यांची लांबलचक रांग. तो थांबत नाही. जागच्या जागी चालत बोलतो. अशा माणसांना उभं राहून बोलता येत नाही.)

ट्रेकलीडर : काका, लेस सुटली का? डबल नॉट मारा! दोन्ही कान धरून वरून अजून एक गाठ. संपला विषय. चला रे, पाणी नंतर!

नेमकरी : मारली होती हो. ऐन श्रावणात. भिजली, चिखल बसला, तिची निरगाठ झाली. घरी गेल्यावर बूट पायातून निघेना. दारात पायरीवर बसून राहिलो. शेवटी हिनं विळीवर कापली. पाय माझा आतच होता तेव्हा.

ट्रेकलीडर : मग पायाच्या वाकणावर, हूक सुरू व्हायच्या आधी, आढी एकाऐवजी दोनदा घाला. तिथे लेस पकडून धरते, वरचं सुटलं तरी खालचं सुटत नाही. चढताना घोट्यापाशी जरा सैल ठेवा, उतरताना परत आवळा, नाहीतर बोटं बुटाच्या नाकावर आपटून नखं काळी पडतात. आणि कान मोठे ठेवू नका! एका बुटाचा कान दुसऱ्या बुटाच्या हुकात अडकतो. मागच्या महिन्यात आमचा एक जण स्वतःच्याच पायांना बांधला जाऊन सरळ आडवा झाला! एऽऽ, निळी टोपी, शॉर्टकट नाही!

(शिट्टी. रांग निघून जाते. तिच्यातले बरेच जण जाताजाता नेमकऱ्यांना सांगतात. काय सांगतात ते सांगायला नको.)

नेमकरी : बघ. याला विचारलं असतं तर यानं मला घोडाही बांधायला शिकवला असता.

अभ्यासू : पण बरोबर सांगितलं त्यांनी. फक्त कच्च्या गाठीवर दुसरी गाठ मारून ती पक्की होत नाही. सोडवायला तेवढी अवघड होते.

नेमकरी : हे बघ, मला एक सांग. तानाजी मालुसरे हाच गड रात्री कड्यावरून चढले. १६७० साली. त्यांच्या पायात बूट होते? लेस होती? ट्रेडमिल होतं?

अभ्यासू : दोर होता.

नेमकरी : दोराचं काय?

अभ्यासू : त्या दोराची गाठ ग्रॅनी असती तर?

(शांतता. नेमकरी गडाकडे बघतात, मग बुटाकडे.)

मावशी : सूर्याजीनं त्यो दोर कापला म्हंत्यात. कापायला लागला, म्हंजी आपसूक सुटत नव्हता.

नेमकरी : मावशी, तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात? इतके रविवार ताक पितोय मी तुमच्याकडचं.

मावशी : म्या ताकाच्या बाजूनं हाय. मागल्या येळचे सुट्टे ऱ्हायलेत अजून.

अभ्यासू : काका, वाईट वाटून घेऊ नका. टेरी मूर नावाच्या एका गृहस्थांनी २००५ मध्ये टेडच्या परिषदेत याच विषयावर भाषण दिलंय, तीनच मिनिटांचं. पन्नाशी गाठली तरी तेही कच्चीच गाठ बांधत होते. गोल नायलॉनची लेस असलेले महागाचे बूट घेतले, ती सारखी सुटायला लागली. दुकानात परत घेऊन गेले, लेस खराब आहे म्हणून.

नेमकरी : (एकदम खुलून) मग! दुकानदार काय म्हणाला?

अभ्यासू : तुम्ही चुकीची बांधताय, म्हणाला.

नेमकरी : ...परदेशात गिऱ्हाइकाशी असं बोलतात?

अभ्यासू : पण त्यांच्या तक्रारीत थोडं तथ्य होतं. गोल, गुळगुळीत नायलॉन निसटतं. सुती किंवा चपटी लेस जास्त धरून राहते. कच्ची गाठ सुती लेसमध्ये खपून जाते, गोल लेसमध्ये उघडी पडते.

नेमकरी : म्हणजे लेस खराबच!

अभ्यासू : काका!

नेमकरी : बरं बरं. पण भोकांतून ओवण्याची काही शास्त्रीय पद्धत असेल ना? कदाचित माझं तिथे चुकत असेल. तिथे चुकलं तर मला चालेल.

अभ्यासू : ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठातले गणिती आहेत, बुर्कार्ड पोल्स्टर. त्यांनी ओवण्याच्या पद्धतींचं गणित मांडून २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये छापलं. सगळ्यात भक्कम पद्धती दोन निघाल्या. फुल्याफुल्यांची आणि सरळ आडव्या पट्ट्यांची.

नेमकरी : या दोनच तर सगळं जग वापरतं!

अभ्यासू : हो. तुमचंही ओवणं फुल्यांचंच आहे. तिथे एकदम बरोबर आहात तुम्ही.

(नेमकऱ्यांना ही बातमी आवडत नाही. ओवण्यात चूक निघती तर गाठ वाचली असती.)

नेमकरी : ठीक आहे. बोल. काय करायचं?

अभ्यासू : फक्त पहिली आढी उलट घाला. एवढंच. कान करायची तुमची सवय तशीच राहू द्या, तिला हात लावू नका. पहिल्या आढीत उजवं टोक डाव्यावर घेता ना? तिथे डावं उजव्यावर घ्या. बस्स.

(नेमकरी खाली बसतात. जन्मभराच्या वळणाच्या विरुद्ध बोटं चालवणं म्हणजे काय, ते त्यांच्या जिभेच्या बाहेर आलेल्या टोकावरून कळतं. पहिली आढी उलट पडते. मग, एकदा उलट करायला घेतलंच आहे तर पूर्ण उलट करावं, अशा बँकेतल्या शिस्तीनं ते कानही डाव्या हाताऐवजी उजव्यानं धरून उलटा गुंडाळतात. झटका. सही.)

नेमकरी : झालं?

अभ्यासू : ...उभे पडले.

नेमकरी : काय उभे?

अभ्यासू : कान. परत बोटांकडे आणि घोट्याकडे.

नेमकरी : (आनंदानं) बघ! बघितलंस? तू म्हणालीस तसं उलट केलं. सगळं उलट केलं. तरी तेच! आता बोलाव तुझ्या बर्कलेच्या तिघांना! मावशी, तुम्ही साक्षीदार आहात.

अभ्यासू : काका, दोन्ही उलट केलंत तुम्ही! पहिलीही उलट आणि दुसरीही उलट. म्हणजे आरशात बघितल्यासारखी तीच ग्रॅनी. एकच उलट करायचं होतं.

नेमकरी : अर्धवट काम मला जमत नाही.

मावशी : आवं, अर्दं बराबर हाय तुमचं पयल्यापासून. नुसतं ऱ्हायलेलं अर्दं फिरवायचं.

(मावशींचं हे वाक्य भौतिकशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात शोभेल. नेमकऱ्यांना ते दोन कारणांनी पटतं : एक, त्यात त्यांचं अर्धं बरोबर ठरतं; दोन, ते मुलीनं सांगितलेलं नाही. ते पुन्हा बसतात. पहिली आढी उलट. कान नेहमीसारखे. झटका. कान आडवे पडतात, डावीकडे आणि उजवीकडे, अगदी शहाण्यासारखे.)

अभ्यासू : आता टोकं आडव्या लेसखाली खोचून टाका, म्हणजे फटकारे बसायला नकोत. चालून बघा.

(नेमकरी दुकानाभोवती एक चक्कर मारतात. दुसरी मारतात. एकदा मुद्दाम दगडावर पाय आपटतात. गाठ हलत नाही. त्यांचा चेहरा मात्र पडतो.)

अभ्यासू : टिकली ना? आता डाव्या बुटाचीही तशीच बांधा.

नेमकरी : नाही.

अभ्यासू : का?

नेमकरी : तुमच्या शास्त्रात तुलना लागते ना? एक नवी पद्धत, एक जुनी? उजवा पाय तुझा, डावा माझ्या वडिलांचा. वरपर्यंत जाऊन येतो, मग बघू.

अभ्यासू : अहो, पण डावीही गाठ कच्चीच आहे. ती तर सुटणारच!

नेमकरी : सुटू दे ना. सुटली तर एक गोष्ट नक्की सिद्ध होईल.

मावशी : कोनती?

नेमकरी : डावी लेस जास्त खराब आहे.