ती ‘गुडनाइट मून’वाली बाई

“मुग्धा, आहेस का गं? ये जरा कुंपणापाशी. ही कोथिंबीर घे आधी, यंदा वाफा भरून आलीय. आणि मला सांग, ते ‘गुडनाइट मून’ लिहिलंय कुणी? नातू रोज रात्री तेच वाचायला लावतो. खोली, फुगा, मोजे, लापशीचा वाडगा... घडत काहीच नाही गं त्यात!”

“काकू, हे आमच्या लायब्ररीत येऊन बोलू नका हं. मार्गारेट वाइज ब्राऊनचं पुस्तक आहे ते, १९४७ सालचं. पुस्तकात काही घडत नाही, पण बाईच्या आयुष्यात काय काय घडलं ते ऐकाल तर संध्याकाळचा कुकर लावायचा राहील.”

“कुकर सून लावेल. तू बोल.”

“ब्रुकलिनचा जन्म, १९१०चा. न्यूयॉर्कात बँक स्ट्रीटवर ल्यूसी स्प्रेग मिचेल यांची संस्था होती, तिथे ही शिक्षिका व्हायला गेली आणि लिहायलाच लागली. मिचेलबाईंचं म्हणणं, दोन-तीन वर्षांच्या पोराला पऱ्या नि राजवाडे कशाला? त्याला किटली नवी, ट्राम नवी, घड्याळाची टिकटिकसुद्धा नवी. मुलं काय बोलतात ते तिथे टिपून ठेवायचे. लिहिलेलं त्यांनाच वाचून दाखवायचे.”

“खरंय बाई. आमचा हा एवढी खेळणी टाकून कुकरच्या शिट्टीमागे असतो. म्हणजे तिला मुलांचा भारी लळा!”

“कसला लळा! ‘लाइफ’ साप्ताहिकवाल्यांना तिने चक्क सांगितलं, मुलं मला विशेष आवडतात असं काही नाही. लहान आहे म्हणून कुणाचं काही चालवून घेणार नाही म्हणाली. लग्न नाही, मूल नाही. आणि सशांच्या गोष्टी लिहिणारी ही बाई सुट्टीला लाँग आयलंडवर शिकारी कुत्र्यांमागे पळत सशांचीच शिकार करायची!”

“शी! काहीतरीच.”

“पुढे ऐका. १९४६ साली तिच्या एका छोट्या पुस्तकाला खऱ्या सशाच्या कातडीचं वेष्टन घातलं होतं. पोरांनी कुरवाळावं म्हणून.”

“पण मला ते लळ्याचं पटतं हं. फार माया असलेली माणसं मुलांसाठी लिहायला बसली की नुसता गूळ पाघळतो. हिने निदान ऐकून घेतलं पोरांचं. पैसा मिळाला का?”

“मिळाला तसा उडवला. एकदा पुस्तकाचे पैसे हाती आले तर फुलवाल्याची अख्खी गाडी विकत घेतली, घर फुलांनी भरलं आणि मित्रमंडळींना बोलावलं. शंभरावर पुस्तकं लिहिली, काही टोपणनावांनी. पहिला खर्डा पाकिटाच्या पाठीवर वीस मिनिटांत, नि मग घासूनपुसून घ्यायला दोन-दोन वर्षं.”

“आणि... कुणी होतं का?”

“हळू बोला, काका अंगणात आहेत. मायकल स्ट्रेंज.”

“हां, म्हणजे तो...”

“तो नव्हे, ती! खरं नाव ब्लँश ऑलरिक्स. कवयित्री, नटी, जॉन बॅरीमोर नटाची घटस्फोटित बायको, हिच्याहून वीस वर्षांनी मोठी. बरीच वर्षं दोघींचं जमलं. पण मायकलबाई हिच्या बालपुस्तकांना नाकं मुरडायची.”

“हे बघ, कुणी कुणाबरोबर राहावं ते त्यांचं त्यांनी बघावं. पण घरच्याच माणसाने लिखाणाला नावं ठेवायची, हे वाईट. लायब्ररीवाल्यांना तरी आवडलं ना पुस्तक?”

“तिथेच तर मेख! न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत ॲन कॅरॉल मूर नावाच्या बाईंचा दरारा. निवृत्त झाल्या १९४१ला, पण शब्द त्यांचाच चालायचा. त्यांना परीकथा प्रिय, त्यामुळे या बँक स्ट्रीटवाल्यांना त्या पाण्यात बघायच्या. लायब्ररीने ‘गुडनाइट मून’ घेतलंच नाही. आलं ते १९७२ साली! एकदा म्हणे लायब्ररीच्या चहापानाचं बोलावणं आलं नाही, तर ही आणि तिची संपादक उर्सुला नॉर्डस्ट्रॉम बाहेर पायऱ्यांवर बसून चहा प्यायल्या.”

“शाब्बास! अशाच हव्यात.”

“आणि २०२० साली त्याच लायब्ररीने आपल्या १२५ वर्षांतल्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या दहा पुस्तकांची यादी काढली. त्यात हे नाही, पण खाली कबुली आहे की आम्ही पंचवीस वर्षं घेतलं नाही म्हणून राहिलं.”

“पुस्तक लायब्ररीत आलेलं तरी बघायला होती का ती?”

“कुठली! मायकलबाई १९५०ला गेली. पुढे रॉकफेलर घराण्यातल्या सोळा वर्षांनी लहान मुलाशी हिचं लग्न ठरलं. तेवढ्यात १९५२ साली फ्रान्समध्ये नीसला ऑपरेशन झालं. छान बरी झाली होती. कशा आहात विचारलं, तर मी ठणठणीत आहे हे दाखवायला नाचल्यासारखा पाय हवेत उडवला. पायातली रक्ताची गुठळी सुटली आणि संपलं. बेचाळीस वर्षांची.”

“अरेरे! मग एवढ्या पुस्तकांचं?”

“मृत्युपत्रात ‘गुडनाइट मून’सकट बरीच पुस्तकं ओळखीच्या शेजारणीच्या मुलाच्या नावे. नऊ वर्षांचा होता. तेव्हा त्या कागदाला कुणी विचारत नव्हतं. पहिल्या वर्षी जेमतेम सहा हजार प्रती गेलेल्या. पुढे खप लाखांवर गेला आणि पोराला घरबसल्या डॉलर येत राहिले.”

“शेजाऱ्याच्या मुलाला! सख्खे नातेवाईक काय म्हणाले असतील? आणि चित्रं काढणारा?”

“क्लेमंट हर्ड. त्याचीही मजाच. गोष्टीतल्या गाईच्या चित्रात आचळ जरा ठळक होते, ते लायब्ररीवाल्या बिथरतील म्हणून कमी करायला लावले. आणि मागच्या पानावरच्या फोटोत त्याच्या बोटांत सिगारेट होती. २००५ साली प्रकाशकांनी ती संगणकावर पुसली. मुलांच्या पुस्तकात नको म्हणून.”

“मग आता हातात काय आहे?”

“काहीच नाही. बोटं मात्र तशीच धरलेली.”

“थांब, आमच्याकडची प्रत कुठली आहे ती बघून येते. ए सूनबाई, ते पुस्तक टाक गं इकडे!”